तोलायचं राहिलेलं खोबरं

मित्रांनो, मला हात लावायच्या आधी आपले हात पुसून घ्या बरं. रागावू नका. म्हातारपणी माझा स्वभाव थोडा तिखट झाला आहे, आणि तेलकट बोटांचा तर मला पहिल्यापासून तिटकारा. मुरुडच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरात, स्वयंपाकघराच्या खुंटीला मी टांगलेली असते. पितळेची दोन पारडी, सहा साखळ्या, लोखंडाची दांडी आणि दांडीच्या मधोमध करंगळीएवढा काटा, एवढाच माझा संसार. लोक मला तागडी म्हणतात.

माझा जन्म १९४७ सालचा. अलिबागचा गुणाजी कासार माझी पारडी ठोकत होता, त्या आठवड्यात गावभर तिरंगे लागले होते. रस्त्यावरून मिरवणूक निघाली, तसा गुणाजी हातोडी टाकून बघायला धावला. परत आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की माझं एक पारडं किंचित जाड राहिलं आहे. तो स्वतःवरच चिडला. म्हणाला, "अरे गुणाजी, स्वराज्य मिळालं म्हणून तागडीनं खोटं बोलायचं व्हय?" मग कानस घेऊन तो दिवसभर बसला आणि दोन्ही पारडी सारखी होईपर्यंत उठला नाही. तेव्हापासून माझ्या दांडीत गहू-अर्ध्या गव्हाचाही फरक नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई म्हणूनच सांगते आहे.

मुरुडच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात मी आठ वर्षं काढली. जिरं, मिरी, वेलदोडे, हिंग असला बारीक आणि महाग माल माझ्याकडे असायचा. बायका दुकानात आल्या की म्हणायच्या, "त्या लहान तागडीनंच तोला हो, ती खरं बोलते." ऐकून मला कसं धन्य धन्य वाटायचं!

पण आमच्या किनाऱ्यावर सगळ्याच वस्तू तागडीत पडत नाहीत, हे तुम्हांला सांगायला हवं. मासळी घ्यायची ती वाट्याने. कोळीण फळीवर वाटे लावते, बाई नाक मुरडते, एक बांगडा वर घालून घेते, की झाला व्यवहार. आणि नारळ तर मोजायचा. हातात धरायचा, कानाशी हलवायचा, आतलं पाणी ऐकायचं आणि शेकड्यात जमा करायचा. नारळ कोणी तोलत नाही. आठ वर्षांत ओल्या खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या पारड्यात पडला नव्हता, आणि त्याचं मलाही कधी काही वाटलं नाही.

पुढे दुकानात मोठा काटा आला आणि मला दिनानाथ डॉक्टरांनी विकत घेतलं. डॉक्टर घाटावरचे, वाईकडचे. बाजारात त्यांचा दवाखाना होता. उंच, सडसडीत, बोलायला थोडे फटकळ, पण मनाने सरळ. त्यांच्याकडे माणसं तोलायचा मोठा काटा होता, तो रत्तलात, म्हणजे पौंडात, वजन दाखवायचा. मला त्यांनी वेगळ्याच कामासाठी आणलं. ज्यांना वजन उतरवायचं असेल, त्यांना ते मला आठ-पंधरा दिवस घरी न्यायला द्यायचे. सोबत औंसाच्या वजनांची एक लाकडी पेटी. जेवणातली प्रत्येक वस्तू शिजवण्याआधी तोलायची, कागदावर लिहायची आणि कागद डॉक्टरांना दाखवायचा. 

"चुलीला जसं लाकूड, तसं शरीराला अन्न," ते समजावून सांगायचे. "किती लाकूड घातलं की किती धग मिळते, ते मोजायचं माप म्हणजे उष्मांक. धग लागते तेवढंच लाकूड घाला. जास्तीचं घातलंत की ते अंगावर रचून राहतं." लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन विसरायचे. पण मला हे काम फार आवडलं. जिऱ्या-मिऱ्यांपेक्षा माणसाच्या जेवणाला जास्त चव असते, मित्रांनो.

१९५६ च्या दिवाळीनंतर आनंदीबाई दवाखान्यात आल्या. सोबत त्यांची मुलगी कुमुद. आनंदीबाई पंचेचाळिशीच्या, बुटक्या, गोऱ्या, हसऱ्या. त्यांच्या पोटाला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला होता. कळ आली की भिंत धरून उभ्या राहायच्या. घागर उचलणं बंद, वाकणं बंद, पाट्यावर वाटायला बसणं तर दूरच. मुंबईच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून स्पष्ट सांगितलं होतं, वजन एकशे पंचावन्न रत्तलांच्या खाली आणा, मगच सुरी लावतो. आणि दिनानाथ डॉक्टरांच्या काट्यावर त्या भरल्या एकशे बहात्तर.

"किती दिवसांत उतरेल?" कुमुदने विचारलं. तिचा आवाज घाईचा होता.

त्या घाईचं कारण मला नंतर घरी कळलं. कुमुद मॅट्रिक झालेली, एकोणीस वर्षांची. शिक्षिका व्हायचं हे तिचं लहानपणापासूनचं वेड. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला गेल्या जूनमध्येच जागा मिळाली होती. नेमकं तेव्हाच आईचं दुखणं उपटलं आणि तिला ती जागा सोडावी लागली. घर कोण बघणार? तिचे वडील, त्यांना सगळे बापू म्हणत, स्वभावाने वाईट नव्हते. पण त्यांनी सांगून टाकलं होतं, "येत्या जूनपर्यंत तुझ्या आईचं ऑपरेशन झालं तर जा खुशाल. नाही झालं, तर तो नाद सोड. मग मी स्थळं बघायला लागणार." म्हणजे बघा, आईच्या अंगावरच्या सतरा रत्तलांवर पोरीचं सगळं आयुष्य अडकलेलं.

डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. घरात बसून असणाऱ्या बाईला रत्तलामागे साधारण अकरा उष्मांक. एकशे बहात्तर गुणिले अकरा, म्हणजे दिवसाला एकोणीसशेच्या आसपास. तेवढे खाल्ले तर वजन आहे तिथेच राहील. "त्यातून सहाशे कमी करू," ते म्हणाले. "तेराशे उष्मांकांचं जेवण. रत्तलभर चरबी झडायला साडेतीन हजार कमी पडावे लागतात. आठवड्याला रत्तल, सव्वा रत्तल उतरेल. मार्च संपेपर्यंत तुम्ही मुंबईला." मग त्यांनी विचारलं, "आता सांगा, दिवसभरात काय काय खाता?"

आनंदीबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. भात, तांदळाची भाकरी, डाळ, मासे, चहातली साखर, चहातलं दूध, फोडणीचं तेल, कधी भाजी. डॉक्टरांनी एकेक वस्तू लिहून घेतली आणि पुढे औंसाचे उष्मांक मांडले. तांदूळ औंसाला शंभर. डाळ तेवढीच. तेल अडीचशे.

खोबऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. आनंदीबाईंनी लपवलं म्हणून नव्हे. वाडीतल्या बाईला विचारा, काय जेवलीस? ती म्हणेल, भात आणि कालवण. कालवणात वाटण असणारच, आणि वाटण म्हणजे खोबरंच, ते सांगायचं काय त्यात? पाणी प्यायले, वारा घेतला, असं कोणी सांगतं का? आणि डॉक्टर पडले घाटावरचे. त्यांच्याकडे नारळ देवापुढे फुटतो नाहीतर ओटीत पडतो. त्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. तो कागद घडी घालून कुमुदने पदराला बांधला, मला पिशवीत घातलं, आणि आम्ही वाडीतल्या घरी आलो.

पोरीने मला काय जपलं म्हणून सांगू! रोज सकाळी चिंचेने घासायची. दांडी धरताना तिचा हात जरासुद्धा हलायचा नाही. आनंदीबाई आधी दहा औंस तांदळाचा भात खात, तो पाचांवर आला. भाकऱ्या दोनाच्या एक. साखर चिमटीने. बापू जेवायला बसले की हसायचे, "काय गं, जेवण वाढते आहेस की सोनं तोलते आहेस?" कुमुद हसायची नाही. तिच्या डोळ्यांपुढे जून महिना होता.

पण आईच्या ताटात आता जेमतेम मूठभर भात असायचा. आनंदीबाई चार घासांत भात संपवायच्या आणि मग बोटं चाटत बसायच्या. कुमुदला ते बघवेना. एक दिवस ती कामवाल्या बायजाला म्हणाली, "भात एवढासा झाला, निदान कालवण तरी जरा दाट लागू दे. बायजा, अजून अर्धा नारळ फोड."

बायजाने फोडला. कुमुदने खवला, पाट्यावर घेतला, गंधासारखा वाटला आणि कालवणात घातला. मी समोर खुंटीवर. पारडी रिकामी.

त्या दिवशी आनंदीबाई तृप्त झाल्या. "अगो, आजचं कालवण किती छान झालंय! जिभेवरून जात नाहीये." पोरीचा चेहरा उजळला. मग काय विचारता? अर्ध्याचा आख्खा झाला. सोलकढी घट्ट झाली. भाजीवर खोबरं, उसळीत खोबरं, डाळीच्या आमटीतही वाटण. आधी तीन माणसांना रोज एक नारळ लागायचा, तिथे दोन फुटू लागले. आणि भात कमी म्हणून आईच्या पानात कालवणाची दुसरी वाटी. झाडं आपली, नारळ आपले, पडवीत रास लागलेली. त्याला कोण मोजतंय आणि कोण तोलतंय?

मी तोललं असतं हो. पण मला कोणी उचललं तर ना! मी रोज बघत होते आणि माझा जीव तीळ तीळ तुटत होता. एकदा वाऱ्याने माझं पारडं खुंटीवर खणखणलं, तर कुमुद म्हणाली, "थांब गं बाई, तुझं काम झालं आजचं." काम झालं म्हणे!

वजन करायला जाताना कुमुद कागदांबरोबर मलाही दवाखान्यात न्यायची. पहिल्या पंधरवड्याला वजन हललं नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं सुरुवातीला. महिना झाला, तरी काटा तिथेच. आनंदीबाईंनी आपण होऊन रात्रीची भाकरी सोडली. चालताना त्यांना घेरी येऊ लागली. आणि जानेवारीच्या मध्याला, दोन महिने पुरे झाले त्या सकाळी, मोठ्या काट्यावर त्या भरल्या एकशे चौऱ्याहत्तर.

डॉक्टरांनी कुमुदचे सगळे कागद पुन्हा तपासले. बेरजा बरोबर. मग त्यांनी मला हातात घेतलं. एका पारड्यात चार औंसांचं वजन ठेवलं, दुसऱ्यात दोन-दोन औंसांची दोन. माझी दांडी सरळ राहिली. सरळ राहण्याचं इतकं वाईट मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"तागडी बरोबर आहे, बेरीज बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "आनंदीबाई, मी तुमचा वैरी नाही. कागदाबाहेरचं काही पोटात जात असेल तर सांगून टाका."

"देवाशप्पथ नाही हो," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"मग ही दोन रत्तलं वाऱ्याने आली का?"

बाकावर बसलेल्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. आनंदीबाई खाली मान घालून बाहेर पडल्या.

घरी आल्यावर कुमुदने मला खुंटीला अडकवलंसुद्धा नाही. चुलीजवळ जमिनीवर आपटलं. माझी एक साखळी निसटली. मग ती आईकडे वळली.

"आई, खरं सांग. कधी खातेस तू?"

"काय खाते?"

"ते मला काय माहीत! मी वाडीत जाते तेव्हा, आंघोळीला जाते तेव्हा. मी एकेक औंस तोलून घालते, बापू हसतात, ते ऐकून घेते. आणि तू?"

"कुमुद, अगं, उभं राहवत नाही मला भुकेनं. आणि चोरून खाईन मी?"

"खाशील! कारण तुला मी जायला नको आहे. ऑपरेशन झालं नाही की मी इथेच. तुझी घागर उचलायला, तुझं वाटण वाटायला. तुला तेच हवंय!"

मित्रांनो, आनंदीबाईंनी यावर काही उत्तर दिलं नाही. त्या भिंतीला धरून उठल्या, ओटीवर जाऊन बसल्या, आणि त्या दिवशी त्यांनी पाण्याखेरीज कशाला तोंड लावलं नाही. बापूंनी हाक मारली. त्या म्हणाल्या, "खाल्लं नाही तरी खाल्लं म्हणतात, मग न खाल्लेलंच बरं." कुमुदने स्वयंपाक केला आणि तोही तसाच झाकून ठेवला. मी जमिनीवर पडून होते. मला वाटत होतं, माझी दांडी मोडली असती तरी चाललं असतं, पण मला एकदा, फक्त एकदा वाचा फुटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा करवंट्या न्यायला आली. आमच्याकडे ही रीत आहे. नारळ घराचा, पण करवंट्या कामवाल्या बाईच्या. ती त्या आपल्या चुलीत घालते. बायजाने टोपलीत करवंट्या भरता भरता झाकलेला स्वयंपाक पाहिला, ओटीवर बसलेल्या आनंदीबाईंना पाहिलं आणि कुमुदला विचारलं, "काय झालं गो ताई? बाई जेवल्या न्हाय?"

कुमुदने रडत रडत सांगितलं. बायजा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती काही शाळेत गेली नव्हती, पण तिचं डोकं फार साफ होतं.

"चोरून? बाई चोरून खातील? ताई, तुमी माज्या चुलीला इचारा. दिवालीच्या आदी येका नारलाच्या करवंट्या मिलायच्या, त्या मला पुरायच्या न्हायत. आता दोन नारलाच्या मिलतात. माजी जाऊ म्हनते, तुज्या घरात ढीग लागलाय. आता ह्या करवंट्या हिकडं, तं आतलं खोबरं गेलं कुठं? ते पोटातच गेलं ना सगल्यांच्या? तुमी तांदूल तोलताव, डाल तोलताव. खोबरं कवा तोललंत?"

कुमुदचे डोळे विस्फारले. तिने मला जमिनीवरून उचललं, निसटलेली साखळी दाताने दाबून बसवली. एक नारळ फोडला, सगळा खवला आणि तो पांढरा शुभ्र कीस माझ्या पारड्यात घातला. दहा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा! दुसऱ्या पारड्यात तिने आठ औंसांचं वजन ठेवलं. खोबरं जड. त्यात आणखी चार औंसांचं ठेवलं, तेव्हा कुठे काटा मधोमध आला. बारा औंस. दोन नारळांचे चोवीस. तीन माणसांत वाटले तर आईच्या वाट्याला आठ, आणि दुसरी वाटी धरली तर त्याहूनही जास्त.

ती पायांत चपला न घालता दवाखान्यात धावली, एका हातात मी आणि दुसऱ्या हातात अर्धा नारळ. "डॉक्टर, खोबऱ्याचे उष्मांक किती?"

डॉक्टरांनी पुस्तकाची पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. "ओला नारळ. औंसाला शंभर." मग त्यांनी तिच्या हातातल्या नारळाकडे पाहिलं. "तुमच्याकडे हे रोज खातात?"

"रोज म्हणजे? सगळ्यात असतं."

"अरे देवा!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तेराशे कागदावरचे, आठशे कागदाबाहेरचे. एकवीसशे. लागणार एकोणीसशे. म्हणजे आनंदीबाई रोज भुकेल्याही राहत होत्या आणि रोज दोनशे उष्मांक जास्तही खात होत्या. फटकळ माणूस, पण त्याच दुपारी डॉक्टर स्वतः घरी आले. ओटीखाली वहाणा काढून आनंदीबाईंपुढे उभे राहिले. "बाई, चार माणसांत मी तुम्हांला खोटं पाडलं. चूक माझी होती. तुम्ही काय जेवता हे मला विचारता आलं नाही. मला क्षमा करा." आनंदीबाई संकोचून उठल्या आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

कुमुद चुलीशी उभी होती. आईला बघताच तिने तिच्या गळ्यात हात टाकले. "आई, चुकले मी. तू चोर नव्हतीस. मीच तुझ्या ताटात घालत होते, आणि मीच तुला बोलले."

"असू दे गं," आनंदीबाई म्हणाल्या. "भूक लागलीय मला, आधी काहीतरी वाढ." आणि दोघी रडता रडता हसल्या. तेवढं बोलून विषय संपला. 'तुला मी जायला नको आहे' हे कुमुदचं बोलणं मात्र तसंच राहिलं होतं, आईने त्याला उत्तर दिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही.

त्या दिवसापासून खोबरं माझ्या पारड्यातून जाऊ लागलं. आईच्या वाट्याला दिवसाला एक औंस, तोही कागदावर मांडून. त्याच्या बदल्यात साखर गेली आणि रात्रीची भाकरी परत आली. कोकमाचं सार आलं, तिरफळं घातलेलं पातळ कालवण आलं. बापू पहिल्या दिवशी ओरडले, "हे कालवण आहे की खाडीचं पाणी?" पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून तेही तेच जेवू लागले. बायजा गमतीने तक्रार करायची, "बाईंचं वजन उतरतंय आन माजी चूल उपाशी मरतेय." कुमुदने तिला वाडीतल्या झावळ्या न्यायला सांगितल्या.

आणि वजन उतरू लागलं, मित्रांनो. पहिल्या आठवड्यात दोन रत्तलं. मग कधी सव्वा, कधी एक, कधी काहीच नाही. होळीला एकशे चौसष्ट. आंबे पाडाला लागले तेव्हा एकशे अठ्ठावन्न. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिनानाथ डॉक्टरांनी काटा पुन्हा पुन्हा सरकवून पाहिला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आनंदीबाई, एकशे साडेचौपन्न!" बाकावरच्या त्याच दोघी-तिघी होत्या. या वेळी त्यांनी उठून आनंदीबाईंना जागा दिली.

मुंबईला मला कोणी नेलं नाही. तिथलं मी काही पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं मी सांगत नाही. तार आली, ऑपरेशन नीट झालं. जून उजाडला. बापूंच्या बहिणीला, सोनाबाईंना, चार महिने राहायला बोलावलं, आणि कुमुद ट्रंक घेऊन एस.टी.त बसली. जाताना ती माझ्यापाशी दोन मिनिटं उभी राहिली. पारड्यांवरून हात फिरवला. मला बरं वाटलं.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. डॉक्टरांनी मला याच घराला देऊन टाकलं होतं, पण घरात आता तोलायला कोणाला वेळ होता? आनंदीबाईंना अंदाज बसला होता. पुढे सरकारने किलो आणि ग्रॅम आणले. शेर गेले, रत्तल गेले, औंसाची पेटी कुठे माळ्यावर गेली. माझ्या पारड्यांवर हिरवट डाग चढले. एका पारड्यात कोणीतरी काड्यापेटी ठेवायचं, दुसऱ्यात जुनी किल्ली. दोन्हींचं वजन सारखं नसायचं, म्हणून मी सहा वर्षं एका अंगाला कलून लटकले. प्रामाणिक तागडीला याहून मोठी शिक्षा नाही.

१९६३ च्या मे महिन्यात कुमुद सुट्टीला आली. आता ती पुण्याच्या एका शाळेत बाई होती. चष्मा लागला होता, बोलणं ठाम झालं होतं. एका दुपारी तिने मला खुंटीवरून काढलं, काड्यापेटी आणि किल्ली बाहेर टाकली आणि चिंच घेऊन घासायला बसली. शेजारी आनंदीबाई फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. बारीकच राहिल्या होत्या त्या, केस मात्र पांढरे झाले होते.

"कुमुद," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तेव्हा तू मला बोलली होतीस ना, की तू जायला नको आहेस मला..."

"आई, किती वर्षं झाली त्याला. मी चुकले होते."

"नव्हती चुकलीस."

कुमुदचा हात थांबला. माझ्या पारड्यावर चिंचेचा कोळ तसाच राहिला.

"खाल्लं नव्हतं मी. त्याची शपथ अजून घेईन," आनंदीबाई म्हणाल्या. "पण तू जाऊ नयेस असं मात्र वाटायचं मला. रोज वाटायचं. काट्यावर उभी राहिले की मनात म्हणायची, नको उतरू दे बाई. म्हणून त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही."

"मग उपाशी का राहिलीस?"

"तू जावीस म्हणून."

कुमुद आईजवळ सरकली आणि तिने आपलं डोकं आईच्या खांद्यावर टेकवलं. आठळ्या तशाच राहिल्या. मीही ओलीच राहिले त्या दुपारी, आणि मला त्याचा जराही राग आला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी तागडी असेल. तिच्यात किल्ल्या ठेवू नका, अधूनमधून तिला चिंच लावा. आणि आणखी एक मागणं आहे. घरातलं माणूस जेव्हा म्हणतं, मी खाल्लं नाही, तेव्हा त्याला खोटं पाडण्याआधी आपला हिशेब पुन्हा मांडून बघा. आणि जे उपाशी राहिलं, त्याला जवळ बसवून विचारा, कोणासाठी राहिलास? लवकर विचारा. आमच्या घरात ते विचारायला सहा वर्षं लागली.